पुडी पोराच्या खिशात, पण माल कुणाचा?

‘त्रस्त पुणेकर’ यांस,

नमस्कार. मागच्या लेखात मी अठरा वर्षांखालच्या मुलांसाठीच्या बाल न्याय कायद्याची बाजू घेतली म्हणून तुम्ही रागावलात. सोसायटीबाहेर उभ्या तुमच्या गाडीची काच ज्यांनी कोयत्याने फोडली ती पोरं सोळा-सतरा वर्षांची होती, आठवड्याभरात ती पुन्हा त्याच कट्ट्यावर बसलेली दिसली, आणि तुमची मुलगी आता क्लासहून एकटी यायला घाबरते, असं तुम्ही लिहिलंत. शेवटी म्हणालात, “ही लेकरं नाहीत, गुंड आहेत. वयाची अट सोळावर आणा आणि मोठ्यांच्या तुरुंगात टाका.”

तुमच्या मुलीच्या भीतीला माझ्या लेखात जागाच नव्हती. ती चूक माझी, आणि ती मला लागली आहे. कोयता कुणाच्याही हातात असो, तो अंगावर येतो तेव्हा समोरच्याचं वय कुणी विचारत नाही.

पण ही पोरं त्या कट्ट्यावर पोचतात कशी, ते मी जवळून पाहिलं आहे. वस्तीतल्या अभ्यासिकेत मी संध्याकाळी शिकवतो. तिथे नववीतला एक मुलगा यायचा. आई चार घरची धुणीभांडी करते. कोपऱ्यावरच्या एका ‘दादा’ने त्याला आधी वडापाव खाऊ घातला, मग गाडीवरून फिरवलं. नंतर काम दिलं, पोलिसांची गाडी दिसली की मिस्ड कॉल द्यायचा. पुढे मोबाइलच्या कव्हरमागे एमडीची, म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थाची पुडी ठेवून ती पोचवायची. एके दिवशी त्याच्याकडचा माल कुणीतरी हिसकावून घेतला. दादा म्हणाला, “आठ हजार झाले तुझ्याकडे.” त्या दिवसापासून पोरगं फुकट राबायला लागलं.

हे मला कळलं ते त्याच्या गणिताच्या वहीमुळे. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आकडे होते. ८०००, ७७००, ७५००, ७५००, ७४००. कसले म्हणून विचारलं तर पान फाडून मुठीत धरलं आणि रडायला लागला. दोन महिन्यांनी गाड्या फोडणाऱ्या टोळक्यात तोही होता. तो गेला नसता तर उधारी अंगावर होतीच, आणि दादाला वस्तीत दहशत हवी होती, म्हणजे कुणी तोंड उघडत नाही.

आता कायद्याचं. तुम्ही म्हणता पोरं सुटतात. २०१५च्या याच बाल न्याय कायद्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलाने, ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे असा गुन्हा केला, तर बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यांकन करून त्याला प्रौढासारखा खटला चालवायला पाठवू शकतं. पुडी पोचवणं त्यात बसत नाही, आणि हे दादाला माझ्या-तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. मेफेड्रोन ५० ग्रॅमपेक्षा जास्त सापडलं तर किमान १० वर्षं. २ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर जास्तीत जास्त १ वर्ष. म्हणून साठा एकीकडे राहतो आणि पोरांच्या खिशात एकेक पुडी जाते. वयाची अट सोळावर आणलीत तर तो चौदाचा शोधेल. अभ्यासिकेत चौदाची पोरं खूप आहेत हो, मला त्यांची नावं पाठ आहेत.

आणि दादाला पकडायला कायदा नाही असं अजिबात नाही. मुलाकडून अमली पदार्थ विकून घेणं, वाहून नेणं यासाठी बाल न्याय कायद्याचं कलम ७८ आहे, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. मुलांना टोळीत घेऊन बेकायदा कामं करून घेणाऱ्या प्रौढांसाठी कलम ८३. भारतीय न्याय संहितेचं कलम ९५ तर आणखी कडक आहे. मुलाला गुन्ह्यासाठी कामाला लावलं तर किमान तीन, कमाल दहा वर्षं, आणि गुन्हा घडला तर तो त्या मोठ्या माणसानेच केला असं धरून शिक्षा. म्हणजे तुमच्या गाडीच्या काचेसाठी दादाला आत टाकता येतं. पण पोरं सापडली की कोयत्यासह फोटो येतो, बातमी होते, आणि आपण सगळे तिथेच थांबतो. माल कुणाचा होता, हे विचारत नाही. माझी चीड त्यावर आहे. पोरांना मोकळं सोडा असं मी म्हटलेलं नाही. मंडळापुढे त्यांनी उभं राहिलंच पाहिजे.

एक विनंती आहे. तुम्ही तक्रारदार आहात, एफआयआरची प्रत तुम्हाला मोफत मिळते. ती काढा आणि त्यात कलम ९५ आहे का बघा. नसेल तर त्या पोरांना कुणी पाठवलं याचा तपास व्हावा, असा अर्ज तपास अधिकाऱ्यांना द्या. अर्ज मी लिहून देतो, आणि तुमची हरकत नसेल तर पोलीस ठाण्यात बरोबरही येतो.