पुढच्या चाकांची कुईकुई तेल मारून बरी होत नाही

पावसाळा सरला, रस्ते कोरडे झाले की सोसायटीच्या आणि गाडीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर साधारण असा: ‘जुन्या गाडीच्या पुढून कुईकुई आवाज येतोय? गॅरेजवाला हजारोंचा खर्च सांगेल, घाबरू नका. बुशचं रबर सुकलेलं असतं. दाराच्या बिजागरीला घालतो तसं त्यावर जळकं ऑइल किंवा डब्ल्यूडी-40 मारा, रबर मऊ होतं. आवाज गेला म्हणजे दोष गेला. पावसाळ्यात आवाज आपोआप बंद होतो, हाच पुरावा. तेल मारूनही परत आला तर शॉकअप गेलेत, जोडी बदला. आवाजाने गाडी कधी बंद पडत नाही.’

गॅरेजवाला खर्च सांगेल, एवढं यातलं खरं. बाकीच्या वाक्यांकडे एकेक करून बघू. उदाहरणाला मारुती 800 घेतो. डिसेंबर 1983 ते जानेवारी 2014 इतका काळ ही गाडी बनत होती, आजही तालुक्याच्या गावांत ती भरपूर दिसते, आणि तिची पुढची रचना इतकी सुटसुटीत आहे की चाक पूर्ण वळवून वाकून बघितलं तरी बहुतेक भाग नजरेस पडतात.

‘बुशचं रबर सुकतं, बिजागरीसारखं तेल घाला’

बिजागरीत लोखंडावर लोखंड घासतं, म्हणून तिथे तेलाचा उपयोग. लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून चॅसीशी, म्हणजे गाडीच्या सांगाड्याशी, जोडणारा दांडा; त्याच्या चॅसीकडच्या जोडावर बुश बसतो. या बुशमध्ये काही घासायचंच नसतं. बाहेर एक लोखंडी नळी, आत दुसरी लहान नळी आणि दोन्हींच्या मध्ये रबर, तेही नळीला पक्कं चिकटवलेलं. चाक खड्ड्यात गेलं की आर्म वर उचलला जातो, रबर पिळलं जातं आणि चाक खाली आलं की ते पीळ सोडून मूळ जागी येतं. सगळी हालचाल रबराच्या अंगात होते, त्याच्या पृष्ठभागावर नाही. अशा बुशमधून कुईकुई येत असेल तर रबर नळीपासून सुटलंय आणि नळीवर घसरतंय. तेल मारून सुटलेलं रबर पुन्हा चिकटणार नाही. उलट ते अधिक सहज घसरेल, आणि आवाज न करता घसरेल.

शिवाय बुशमध्ये बहुतेक वेळा नैसर्गिक रबर असतं आणि खनिज तेलात ते फुगतं, मऊ पडतं. मेसेजमधलं ‘रबर मऊ होतं’ हे या अर्थाने खरंच आहे म्हणा! जळक्या ऑइलची आणखी एक भानगड: ते ओघळून डिस्कवर किंवा पॅडवर गेलं तर ब्रेक एका बाजूला ओढायला लागतात. पॅडने एकदा तेल प्यायलं की तो पुसून साफ होत नाही, फेकावाच लागतो.

डब्ल्यूडी-40 बद्दल थोडं. हे द्रव्य 1953 मध्ये सॅन डिएगोत तयार झालं ते धातूवरचं पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. नावातली पहिली दोन अक्षरं पाणी हटवण्याच्या कामाची आहेत आणि 40 हा जमलेल्या प्रयोगाचा आकडा. गंजलेला बोल्ट सोडवायला ते झकास आहे, मीही वापरतो. पण त्यातला बराचसा भाग उडून जातो आणि मागे पातळसा थर राहतो. चाकाखालच्या धुळीत आणि चिखलात तो किती टिकणार?

मग हा सल्ला आला कुठून? माझ्या मते तो अँबॅसेडर आणि पद्मिनीच्या काळातून आला. त्या गाड्यांच्या पुढच्या सांध्यांवर ग्रीस भरायचे निपल असायचे आणि सर्व्हिसिंग म्हणजे आधी ग्रीसगन घेऊन गाडीखाली शिरणं. आवाज आला की ‘ग्रीस मार’ हा तेव्हाचा योग्य उपाय होता. त्यानंतरच्या गाड्यांत बंद बॉल जॉइंट (चाकाजवळचे, वाटीत गोळा बसवलेले सांधे) आणि चिकटवलेले बुश आले, निपल गेले. सल्ला मात्र तोच राहिला.

एक अपवाद मान्य करायला हवा. स्पेअर पार्टच्या दुकानात ज्याला बॅलन्स रॉड म्हणतात, त्या आडव्या दांड्याला चॅसीशी धरून ठेवणारे रबरी बुश अनेक गाड्यांत नुसते पट्टीखाली दाबलेले असतात, चिकटवलेले नसतात. तिथे दांडा रबरात थोडा फिरतो आणि कोरडी धूळ गेली की करकरतो. पट्टी काढून, दांडा कापडाने स्वच्छ पुसून सिलिकॉन ग्रीस लावणं ही तिथली खरी दुरुस्ती आहे, कारण सिलिकॉन ग्रीस रबर खात नाही. बुश अंडाकृती झिजला असेल तर नवा टाकावा, फार महाग नसतो. 800 मध्ये हा दांडा नुसता गाडीचा झोल आवरत नाही, त्याची टोकं लोअर आर्मला धरून चाक पुढेमागे सरकू देत नाहीत. त्यामुळे त्या टोकांचे बुश गेले की ब्रेक मारताना ‘ठक्’ असा धक्का बसतो. कुईकुईच्या जोडीला हा धक्का असेल तर ग्रीसने भागणार नाही.

‘पावसाळ्यात आवाज बंद होतो, हाच पुरावा’

पुरावा खरा, पण कशाचा? पाणी हे वंगणच आहे, चार मिनिटांपुरतं. ओल्या रस्त्यावर आवाज जातो यावरून एवढंच कळतं की कुठेतरी कोरडं काहीतरी घासतंय. कुठे, ते कळत नाही.

पण याच गुणाचा उपयोग करून आवाजाची जागा शोधता येते. तेलाच्या बाटलीऐवजी झाडांवर पाणी फवारायची साधी बाटली घ्या. गाडी रात्रभर कोरडी उभी राहू द्या. सकाळी एकाने बॉनेटच्या एका कोपऱ्यावर जोर देऊन गाडी वरखाली हलवायची, आवाज येतोय याची खात्री करायची. दुसऱ्याने फक्त एका बुशवर पाणी मारायचं. आवाज गेला तर जागा सापडली, नाही गेला तर पुढचा बुश. दोन ठिकाणी एकदम पाणी मारलंत की सगळी मेहनत वाया. पाण्याने रबराचं काही बिघडत नाही आणि ते सुकल्यावर चाचणी पुन्हा करता येते. तेल मारल्यावर मात्र ती संधी संपते: नंतर मेकॅनिक कितीही वेळ वाकून बसला तरी त्याला ऐकायला काही मिळत नाही.

कानापेक्षा हात जास्त विश्वासू. आवाज पत्र्यातून फिरतो, उजवीकडचा बुश डावीकडे बोलतोय असं वाटतं, आत बसलेल्याला तर डॅशबोर्डच कुरकुरतोय असं वाटू शकतं. गाडी हलत असताना आर्मवर, दांड्यावर, स्ट्रटच्या (शॉकअप आणि स्प्रिंगच्या उभ्या जोडणीच्या) नळीवर तळहात ठेवला की करकर हाताला जाणवते. स्प्रिंगच्या वेढ्यांत बोट मात्र घालायचं नाही. जागेवर हलवून आवाज आलाच नाही तर काचा खाली करून एखाद्या लांब भिंतीलगत, गतिरोधकावरून अगदी सावकाश गाडी न्या. भिंतीवरून परतणारा आवाज आत नीट ऐकू येतो. सपाट रस्त्यावर सरळ जातानाही एकसारखी ‘कीं’ येत असेल आणि ब्रेकला हलका पाय लावताच बदलत असेल, तर तो पॅड झिजल्याचा आवाज असण्याची शक्यता जास्त. सस्पेन्शनला बोल लावू नका.

‘आवाज गेला म्हणजे दोष गेला’ आणि ‘आवाजाने गाडी बंद पडत नाही’

ही दोन वाक्यं एकत्र घेतो, कारण दोन्ही बॉल जॉइंटपाशी येऊन फसतात.

लोअर आर्मच्या बाहेरच्या टोकाला, चाकाजवळ, हा सांधा असतो: वाटीत बसलेला लोखंडी गोळा, त्यात ग्रीस आणि वरून रबरी टोपी. टोपी फाटली की आधी ग्रीस जातं, मग चिखल-पाणी आत शिरतं. कोकणात एक पावसाळा काढलेल्या गाडीत फाटक्या टोपीतून निघणारा लाल राडा बघितलाय, तो ग्रीस म्हणून ओळखूही येत नाही. गंजलेला गोळा गतिरोधकावर आणि स्टेअरिंग वळवताना कुरकुरतो. पाऊस पडला की तोही गप्प बसतो, तेलाचा फवारा आत गेला की तोही गप्प बसतो, आणि झीज चालूच राहते. ती एका मर्यादेपलीकडे गेली की गोळा वाटीतून निसटतो, चाकाचा खालचा भाग सुटतो आणि चाक आडवं पडतं. इंजिन तेव्हाही चालू असतं, त्या अर्थाने गाडी ‘बंद पडत’ नाही.

तपासणी अवघड नाही. सपाट जागा, मागच्या चाकांना ओंडके, पुढून जॅक लावून चाक अधांतरी, आणि जॅकच्या भरवशावर न राहता चॅसीखाली लोखंडी स्टँड. चाक वरून आणि खालून धरून आतबाहेर हलवा. मग आर्म आणि चाकाचा सांधा यांच्या मध्ये पहार घालून हलकेच उचकटा. बॉल जॉइंटपाशी उघड हालचाल दिसली तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी हायवेला काढू नका. बऱ्याच गाड्यांत हा जॉइंट आर्मलाच जोडून येतो, म्हणजे आख्खा आर्म बदलावा लागतो. अशा वेळी गॅरेजवाल्याने सांगितलेला खर्च लुबाडणूक नसते.

‘परत आला तर शॉकअप गेलेत’

सर्वात महाग सल्ला आणि सर्वात कमी आधार. शॉकअप गेला की गाडी खड्ड्यानंतर नावेसारखी डोलत राहते, नळीवर तेल ओघळलेलं दिसतं. कुईकुई हे त्याचं मुख्य लक्षण नव्हे. शॉकअपच्या डोक्यावरची बेअरिंग मात्र जरूर तपासा. 800 सारख्या गाडीत स्टेअरिंग फिरवलं की अख्खा स्ट्रट फिरतो आणि तो या बेअरिंगवर फिरतो. गाडी उभी ठेवून, इंजिन चालू करून एकाने स्टेअरिंग सावकाश पूर्ण फिरवावं, दुसऱ्याने बॉनेट उघडून स्ट्रटच्या माथ्यावर हात ठेवावा. कुरकुर होऊन स्प्रिंग ‘टण्ण’ करून उडी मारत असेल तर दोष बेअरिंगचा. माथ्यावरचा मधला नट घरी सोडू नका. त्याखाली दाबलेली स्प्रिंग असते, ती दाबून धरायचं अवजार नसेल तर तो नट जीवावर बेतू शकतो.

नवा बुश टाकूनही आवाज परत येतो, तेव्हा

मेसेजमध्ये हे नाही, पण तो खरा वाटण्यामागचं मोठं कारण हेच असावं. लोक बुश बदलतात, थोड्याच महिन्यांत आवाज पुन्हा सुरू, मग ‘माल डुप्लिकेट’ किंवा ‘त्यापेक्षा तेल बरं’. माल खराब असू शकतो. पण अनेकदा चूक आवळण्यात असते. गाडी वर उचललेली, चाक लोंबकळतंय, आर्म खाली झुकलेला. अशा स्थितीत बोल्ट कचकचून आवळला की बुशची आतली नळी त्याच कोनात पकडली जाते. गाडी खाली उतरताच आर्म वर येतो आणि नवं रबर उभ्या गाडीतही कायमचं पिळलेलं राहतं. वर खड्डे आहेतच. ते लवकर फाटतं यात नवल नाही. म्हणून बोल्ट आधी हातापुरते लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, पुढून दोन-तीनदा दाबून स्थिर होऊ द्यायची आणि मगच शेवटची आवळणी करायची. गाडीखाली उतरायचा खड्डा किंवा रॅम्प नसलेल्या गॅरेजमध्ये हे त्रासाचं असतं, त्यामुळे मेकॅनिक ‘काही फरक पडत नाही साहेब’ म्हणेल. काम सुरू व्हायच्या आधीच त्याच्याशी हे बोलून घ्या, आणि आर्म किंवा स्ट्रट काढला असेल तर व्हील अलाइनमेंटचे पैसे त्याच हिशोबात धरा.