'शेतकऱ्याचा'मधला 'ऱ्या' : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा मोबाइल काढून तुम्ही केलं तेच करून बघितलं, आणि राग गेला.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : वाचनालयाच्या नव्या ऑनलाइन सूचीत 'शेतकऱ्याचा असूड' टाकलं तर 'एकही पुस्तक नाही' आलं. पुस्तक मात्र दाराजवळच्या कपाटात होतं. जुने ग्रंथपाल अर्ध्या नावावर पुस्तक हातात ठेवत. मग हा खटाटोप कशाला, त्या पैशांत नवी पुस्तकं घ्यायची होती की ओ!

पैशाचं आधी संपवते. सूची 'कोहा' या मोफत सॉफ्टवेअरवर आहे. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयाची जुनी प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालेना अशी वेळ आली, म्हणून त्यांनी ते बनवून घेतलं आणि सगळ्यांना खुलं केलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. आमचा खर्च झाला तो बारकोडच्या चिकटपट्ट्यांचा. संगणक एका सभासदानं दिलेला जुना आहे.

आता 'ऱ्या'. तो दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलंत, म्हणजे पाय मोडायची खूण, लावायचा. दुसरी, साधा र, हलंत आणि त्यापुढं डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण यंत्राला वेगळे. नोंदी मी एका तऱ्हेनं भरल्या, तुमच्या मोबाइलनं दुसरी वापरली. 'दऱ्या', 'वाऱ्या', 'शेतकऱ्या' सगळीकडे हाच घोटाळा. चूक माझी, नोंदी भरण्याआधी हे तपासायला हवं होतं. आता शोधताना दोन्ही रूपं एकच धरली जातील अशी सोय करतेय.

जुन्या ग्रंथपालांबद्दल तुमच्याशी वाद नाही. ग्रंथालयशास्त्राचे जाणकार रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवा. आपल्या ग्रंथपालांनी तो कुठं वाचला होता की नाही देव जाणे, पण 'ते लाल पुठ्ठ्याचं, वाघाचं चित्र असलेलं' एवढ्यावर ते कपाटाकडं चालू लागत. त्यांचं येणं बंद व्हायच्या आधी काही रविवार मी वही घेऊन त्यांच्याजवळ बसले. लोक पुस्तक कुठल्या नावानं मागतात ते ते सांगत, मी लिहून घेई. ती मागायची नावं आता नोंदीत घालतेय. 'बेळगाव' आणि 'बेळगावी' यांचंही तसंच. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बदललं, जुन्या पुस्तकांवरचं थोडंच बदललं?

आणि एक गोष्ट त्यांच्या काळात नव्हती. आपल्याकडं घरात मराठी बोलणारी, पण शाळेत कन्नड शिकणारी पोरं आहेत. मराठी पुस्तक रेटत वाचतात, टाइप करायचं तर कन्नड लिपीच बोटाला येते. युनिकोड म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत. तिच्यातल्या भारतीय लिप्या 'इस्की' या भारतीय मानकाच्या मांडणीवरून घेतल्यात, म्हणून देवनागरी आणि कन्नडमधली बहुतेक अक्षरं आपापल्या तक्त्यात एकाच जागी बसतात. त्या क्रमांकात ठरावीक आकडा मिळवला की 'क'चा कन्नड 'क' होतो. त्या जोरावर कन्नड अक्षरांत लिहिलेलं मराठी नाव सापडवायचा प्रयत्न चाललाय. अडतं ते ए-ओ पाशी, कारण कन्नडात ते ऱ्हस्व आणि दीर्घ वेगळे. गेल्या आठवड्यात एक पोरगी असंच टाइप करून गोष्टीचं पुस्तक घेऊन गेली. काउंटरवर कुणाला विचारायला तिला लाज वाटत होती.

मोबाइल न वापरणाऱ्यांचं काय, हे तुम्ही बरोबर विचारलंत. कार्डांचा ड्रॉवर हलवलेला नाही, खिडकीखालीच आहे. फक्त नवी कार्डं टाकायला हात कमी पडतात. शनिवारी संध्याकाळी मोकळे असाल तर या. 'असूड' तुमच्या नावानं बाजूला काढून ठेवलाय.