नोंदणी सगळ्यात शेवटी
पीडितांसाठीची संस्था आधी धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवली जाते आणि मग कामाला लागते, हे लेखातलं वाक्य काही पटलं नाही. घडतं उलटंच. मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराच्या प्रकरणात १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं, १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी त्याविरुद्ध खुलं पत्र लिहिलं आणि १९८० मध्ये मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. संताप आधी, लेटरहेड नंतर!

आमच्याकडेही तेच. शेजारच्या ताईंना तारखेला एकटं कसं पाठवायचं, म्हणून आम्ही तिघी आळीपाळीने कोर्टात जाऊन बसायचो. पिशवीत पाण्याची बाटली, एफआयआरची झेरॉक्स आणि तारखांची वही. वर्षभरात त्या वहीत आणखी पाच जणींच्या तारखा आल्या, सगळ्या कोर्टाच्या बाकावर भेटलेल्या. नोंदणीचा विषय निघाला तो बँकेने खातं उघडायला नकार दिला तेव्हा.