फिरत्या बेल्टवर ऑइलचा फडका धरायचा नसतो

इलेक्ट्रिक मोटरसायकलचा बेल्ट, म्हणजे चेनच्या जागी मोटरपासून मागच्या चाकापर्यंत जाणारा दात्यांचा पट्टा, वाजायला लागला की काय करावं, हे सांगणारा एक व्हिडिओ सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर हिंडतोय. माझ्याकडे तो आधीही आला होता, मी न बघता उडवला होता. परवा तो धाकट्या भावाने पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, रविवारी करून टाकतो, गॅरेजमधून काळं ऑइल आणून ठेवलंय." मग बघावाच लागला. त्याला फोनवर जे ऐकवलं तेच इथे सविस्तर लिहितोय, शिव्या वगळून.

व्हिडिओचं म्हणणं थोडक्यात असं: बेल्ट वाजला म्हणजे तो तुटायला आला. कंपन्या हे लपवतात. उपाय घरचाच आहे. गाडी मेन स्टँडवर घ्या, रेस द्या आणि फिरत्या बेल्टवर काळ्या ऑइलचा फडका धरा. ऑइल नसेल तर डब्ल्यूडी-40 चा स्प्रे मारा. तरी आवाज आला तर बेल्ट दोन बोटं सैल करा. त्याआधी पेट्रोलने धुऊन घेतलात तर उत्तम. आणि इतकं करूनही वाजत असेल तर सरळ चेन किट बसवा.

क्रमाने जात नाही. आधी फडका, कारण बाकीच्या सल्ल्यांनी फार तर गाडीचं नुकसान होईल, याने बोट जाईल.

मोटरसायकलच्या चेनमध्ये बोट सापडलेला एखादा तरी मेकॅनिक बहुतेकांच्या ओळखीत असतो. चालू गाडीची चेन फडक्याने पुसणं ही ती नेहमीची चूक. फडक्याचं टोक स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेनच्या दातेरी चक्रात, शिरतं, फडका ओढला जातो आणि त्यामागून हात. सोडायचं ठरवून सोडायला वेळच मिळत नाही. पेट्रोलच्या गाडीत निदान इंजिनचा आवाज असतो, गाडी चालू आहे हे कानाला कळत राहतं. इलेक्ट्रिक गाडी चालू असून गप्प उभी असते. एकाने हँडलला धरलंय, दुसरा मागे वाकलाय, बोलता बोलता थ्रॉटलवर मनगट जरासं वळलं की मोटर शून्य वेगापासूनच पूर्ण जोर लावते. आणि हा बेल्ट दात्यांचा आहे. काहीतरी अडकलं म्हणून तो घसरून फिरणार नाही, जे अडकलंय ते दात्यात घालून पुढे नेईल. व्हिडिओतला माणूस हे सगळं चप्पल घालून, हसत हसत करतो. त्याचं नशीब.

आता ऑइलचंच बघू. ही कल्पना आली कुठून, याचा मला अंदाज आहे. पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याला राळ लावायची जुनी पद्धत आपल्याकडे होती. सपाट पट्टा पुलीला नुसत्या घर्षणाने धरून असतो, घसरला की चिरकतो, राळ लावली की पकड येते. म्हणजे "पट्टा वाजला की काहीतरी लावायचं" हे डोक्यात पक्कं बसलं. पुढे चेन आली, तिला ऑइल लागतं हेही बसलं. दोन्ही सवयी एकत्र करून त्या दात्यांच्या बेल्टवर ओतल्या की हा व्हिडिओ तयार होतो. दात्यांच्या बेल्टला पकडीसाठी राळ नको, कारण तो दात्यांनी ओढतो. वंगणासाठी ऑइलही नको, कारण चेनसारखे एकमेकांवर फिरणारे धातूचे सांधे त्यात नाहीत. ऑइलने एकच गोष्ट होते. रस्त्यावरची धूळ त्यात बसते, तिची लगदी होते आणि ती लगदी पॉलिशपेपरसारखी दाते आणि पुली दोन्ही खाते. आपल्याकडे निम्मे रस्ते कायम खोदलेले, म्हणजे लगदीला सिमेंटही मिळणार. शिवाय फिरत्या बेल्टवरचं ऑइल उडून मागच्या टायरवर आणि ब्रेकच्या डिस्कवर जातं, ते वेगळंच.

"पण माझ्या मित्राने ऑइल लावलं आणि बेल्टला काही झालं नाही," असं कोणीतरी म्हणणारच. मान्य, काही बेल्ट पॉलियुरेथेनचे असतात, आत कार्बन फायबरच्या दोऱ्या असतात, आणि ऑइलचा त्यांच्यावर साध्या रबरापेक्षा बराच कमी परिणाम होतो. रबरी बेल्ट मात्र ऑइलने फुगतो, मऊ पडतो. आपल्या गाडीला कुठला आहे हे व्हिडिओवाल्याने विचारलेलं नाही. आणि धुळीची लगदी दोन्हींवर सारखीच बसते.

डब्ल्यूडी-40 बद्दल एवढंच, की त्या नावातलं डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणारं, आणि 40 म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं सूत्र. 1953 साली ते गंज टाळण्यासाठी बनवलं गेलं. गंजलेल्या बोल्टवर मारा. बेल्टवर त्याचं काम नाही.

यात अर्धं खरं एक आहे, ते नाइलाजाने सांगतो. कोरड्या धुळीच्या दिवसांत बेल्टची कड पुलीच्या कडेवर घासून जो चूं-चूं आवाज येतो, तो थोड्या सिलिकॉन स्प्रेने बंद होऊ शकतो. तेही गाडी बंद, किल्ली खिशात, स्प्रे आधी स्वच्छ कापडावर, चाक हाताने फिरवत, आणि बोटं पुलीपासून लांब ठेवून. डिस्क आणि टायर झाकून. पण हा उपाय नुसता आवाज दाबतो, आवाजाचं मूळ तसंच राहतं.

ते मूळ शोधायचं तर गेट्स कंपनीचं बेल्ट-ड्राइव्हच्या देखभालीचं मॅन्युअल वाचावं. गेट्स म्हणजे अमेरिकेत डेन्व्हरची, 1911 पासूनची कंपनी. हार्ले-डेव्हिडसनने 1980 च्या स्टर्जिस मॉडेलला चेन काढून बेल्ट लावला तो गेट्सचाच. या मॅन्युअलमध्ये आवाजावर स्वतंत्र भाग आहे आणि सुरुवातीलाच सांगितलंय की व्ही-बेल्ट (बिनदात्यांचा, पुलीच्या खाचेत घर्षणाने धरणारा), दात्यांचा बेल्ट आणि चेन, तिन्ही शक्ती वाहताना आवाज करतातच, प्रत्येकाचा आवाज आपापला असतो. पुढे आवाज कमी करायचे मुख्य मार्ग दिलेत: ताण बरोबर ठेवा, पुल्या एका रेषेत ठेवा. बेल्टवर चिकट ड्रेसिंग वगैरे लावू नका असंही त्यात आहे.

आता हार्लेचा विषय निघालाच आहे तर सांगतो, त्या गाड्यांवर बेल्ट इतकी वर्षं आहे, पण बेल्टच्या आवाजाची बोंब फारशी नव्हती. सायलेन्सरपुढे बेल्टचं ऐकणार कोण? इलेक्ट्रिक गाडीत तोच आवाज एकटा उरतो. प्रत्येक दाता पुलीच्या खाचेत शिरताना बारीक आपटतो, खाचेतली हवा बाहेर ढकलतो. समजा मोटरच्या पुलीला 30 दाते आहेत आणि ती मिनिटाला 2,400 फेरे घेतेय. सेकंदाला 40 फेरे, म्हणजे 1,200 दाते खाचेत शिरले. 1,200 हर्ट्झचा सूर झाला तो, कानाला सहज टोचणारा. वेग वाढला की तो चढतो, उतरला की उतरतो. हा घुंईऽऽ आवाज बेल्ट तुटण्याची खूण नाही. व्हिडिओचा पहिलाच दावा इथे निकालात निघतो.

चूं-चूं आणि कुरकुर मात्र ऐकून सोडून द्यायची नाही. ती बहुतेकदा रेष चुकल्याची, म्हणजे दोन पुल्या एका रेषेत नसल्याची, खूण असते. दात्यांच्या बेल्टला गेट्स फक्त पाव अंशाची चूक चालवून घेते, म्हणजे एका फुटाला एक षोडशांश इंच, साधारण मीटरला 5 मिलिमीटर. व्ही-बेल्टला याच्या दुप्पट चूक चालते. स्कूटरच्या आतल्या व्ही-बेल्टवर हात बसलेल्या गॅरेजवाल्याला हा फरक सांगावा लागतो.

ही रेष बिघडते कधी? भावाला मी पहिला प्रश्न हाच विचारला, मागचं चाक अलीकडे कोणी काढलं का. उत्तर आलं, "पंक्चर झालं होतं ना!" झालं तर मग. पंक्चरवाल्याने चाक काढलं, परत बसवलं, एका बाजूचा ॲडजस्टर दुसऱ्यापेक्षा थोडा जास्त आवळला, एक्सल तिरका झाला आणि बेल्ट पुलीच्या एका कडेला जाऊन बसला. पंक्चरवाल्याचा दोष म्हणवत नाही, चेनच्या गाड्यांत एवढं इकडेतिकडे खपून जातं. बेल्टमध्ये खपत नाही. बघायची रीत सोपी आहे. गाडी बंद, मागचं चाक उचललेलं, हाताने सावकाश पुढे फिरवायचं आणि बेल्ट एकाच कडेला चिकटून बसतो का ते बघायचं. स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या, वरखाली हलणाऱ्या दांड्यावरच्या) खुणा दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का तेही बघायचं, पण खुणांवर आंधळा भरवसा ठेवू नये.

आता बेल्ट दोन बोटं सैल करण्याचा सल्ला. मला सगळ्यात जास्त चीड याची आली, कारण याने आवाज खरंच कमी होऊ शकतो. बेल्ट फार ताणलेला असेल तर तो जास्त ओरडतो आणि मोटरच्या बाजूच्या बेअरिंगवर भार टाकतो, हे खरं आहे. सैल केला की गप्प बसतो. माणूस खूश. पण "दोन बोटं" हा चेनचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, झाला, बेल्टचा नव्हे. आणि इलेक्ट्रिक गाडीत सैल बेल्टचा धोका दुहेरी आहे. मोटर चाकाला ओढते तेव्हा बेल्टची वरची बाजू ताणलेली आणि खालची ढिली असते. थ्रॉटल सोडल्यावर रीजन ब्रेकिंग, म्हणजे मोटरनेच वेग कमी करून बॅटरीत वीज परत भरणं, सुरू झालं की चाक मोटरला ओढायला लागतं. मग खालची बाजू ताणली जाते आणि वरची ढिली पडते. सिग्नलपासून सिग्नलपर्यंत ही उलटापालट चालूच असते. बेल्ट आधीच ढिला असेल तर अशा झटक्यात दाते खाचेवर चढतात आणि एखादा दाता उडी मारून पुढच्या खाचेत पडतो. त्याचा आवाज 'कडाक्' असा येतो, आणि तो चूं-चूं पेक्षा कितीतरी महाग पडतो.

मग ताण किती? जो आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलाय तो, आणि तिथे सांगितलेल्या पद्धतीनेच मोजायचा. हार्लेत बेल्टच्या मधोमध 10 पौंडांचा, म्हणजे साधारण साडेचार किलोचा जोर देऊन बेल्ट किती वाकतो ते बघतात. त्यासाठी छोटं गेज मिळतं. कॅलिफोर्नियाच्या झिरो कंपनीच्या इलेक्ट्रिक मोटरसायकलवाले गेट्सचं फोनवरचं ॲप वापरतात. बेल्ट बोटाने छेडायचा, फोनचा माइक तंबोऱ्याच्या तारेसारखा त्याचा सूर पकडतो आणि हर्ट्झमध्ये आकडा देतो. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायची. सूर ताणाच्या वर्गमुळाने बदलतो. आकडा अर्धा झाला म्हणजे ताण अर्धा नाही, पाव झालेला असतो. म्हणून "जरासा कमी दाखवतोय, चालतंय" असं म्हणू नये. चाक थोडं थोडं फिरवून तीन-चार ठिकाणी मोजायचं आणि सगळ्यात घट्ट जागा धरायची. मोजताना वर माणूस बसलेला हवा की गाडी नुसती स्टँडवर, तेही मॅन्युअल सांगतं, कारण स्विंगआर्म दबला की ताण बदलतो.

पेट्रोलने धुण्याबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. बॅटरी आणि कंट्रोलर असलेल्या गाडीखाली पेट्रोल शिंपडणाऱ्याला काय सांगायचं? मऊ ब्रश, साधं पाणी, थोडा सौम्य साबण, आणि दोन दात्यांत अडकलेला खडा काढायला लाकडी काडी. एवढं पुरतं. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा बेअरिंगवर मारू देऊ नका, आतलं ग्रीस निघून जातं. पाणी मारल्यावर आवाज गेला आणि बेल्ट सुकल्यावर परत आला, तर बेल्ट कुठेतरी कोरडा घासतोय असं समजा आणि रेष तपासा.

आता लगेच गाडी थांबवण्याजोगे आवाज कुठले? ठरावीक लयीत येणारी टक्-टक्, कारण एखादा दाता तुटलेला किंवा खाचेत दगड असू शकतो. वर सांगितलेला 'कडाक्'. आणि घर्र-घर्र, जी गाडी बंद करून चाक हाताने फिरवल्यावरही येते, तिथे बेअरिंगची शंका घ्या. बेल्टवर चिरा, तंतू बाहेर, कडेचा भाग कुरतडलेला दिसला तर आवाज असो नसो, बदलायचाच. नवा बेल्ट आणताना घडी घालून डिकीत कोंबू नका. कार्बनच्या दोऱ्या ओढ सहन करतात, मुडपणं सहन करत नाहीत.

राहिलं चेन किट. चेन वाईट असं मी म्हणत नाही. अल्ट्राव्हायोलेट कंपनीच्या एफ77 या इलेक्ट्रिक मोटरसायकलला चेनच आहे, आणि ओलाने जानेवारी 2025 मध्ये आपल्या तिसऱ्या पिढीच्या स्कूटरही बेल्ट सोडून चेनवर नेल्या. पण त्या गाड्या चेन धरूनच आखलेल्या आहेत. आवाज नको म्हणून चेन लावणं तर आणखी उलटं, गेट्सच्या त्याच मॅन्युअलमध्ये दात्यांचा बेल्ट चेनपेक्षा खूपच शांत असतो असं लिहिलंय. गेट्स बेल्ट विकते, तेव्हा तिचं मत थोडं राखून घ्या, पण कुठल्याही चेनच्या गाडीमागे चालत गेलात तरी कानाला तेच कळेल. शिवाय चेन आली की ऑइल आलं, दर काही शे किलोमीटरला. ज्याला चेनच हवी त्याने पुढची गाडी चेनवाली घ्यावी. बेल्टच्या गाडीला बाजारातलं किट ठोकून वर वॉरंटी मागायला गेलात, तर सर्व्हिस सेंटरवाला पहिलं बोट त्या किटवरच ठेवणार.