एक स्टार देणाऱ्या भाऊंना मेडिकलवाल्याचं उत्तर

नमस्कार भाऊ. रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं की आईची थायरॉईडची गोळी आमच्याच दुकानातून जाते, तरी वजन वाढतच आहे, म्हणजे माल डुप्लिकेट. पन्नास मायक्रोग्रॅमच्या जागी शंभरची गोळी मागितली तर आम्ही दिली नाही. वजन उतरवायची पावडर मागितली तर "ठेवत नाही" म्हणून वाटेला लावलं. काकूंचे रिपोर्ट मी पाहिले आहेत, पण ते आकडे चारचौघांत लिहायचे नसतात. तुम्ही स्वतः जेवढं लिहिलं, तेवढ्यावरच बोलतो.

शंभरची गोळी चिठ्ठीशिवाय दिली नाही आणि उद्याही देणार नाही. काकूंची थायरॉईडची ग्रंथी जेवढं हार्मोन कमी बनवते, तेवढं भरून काढणं हे या गोळीचं काम. ते भरलं की नाही हे टीएसएच नावाच्या रक्ताच्या तपासणीत कळतं आणि डोस त्यावरून डॉक्टर ठरवतात. टीएसएच जागेवर असताना डोस दुप्पट केला तर छाती धडधडते, झोप उडते, हातपाय थरथरतात, आणि पाळी गेलेल्या बाईची हाडं ठिसूळ होतात. वजन उतरलंच तर त्यात मांसही झडतं. अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीत छापलेलं असतं की हे वजन कमी करण्यासाठी वापरू नये, मोठ्या डोसने जिवावर बेतू शकतं. माझ्या आईलाही मी अशी गोळी दिली नसती.

आता डुप्लिकेटचं. बिलावर बॅच नंबर असतो. तो घेऊन या, माल कोणत्या एजन्सीकडून आला त्याचं खरेदी बिल दाखवतो. मध्यंतरी कंपनी बदलली हे खरं आहे. नेहमीचा माल तुटला होता, म्हणून डॉक्टरांना फोन करूनच दुसरी दिली आणि सहा आठवड्यांनी टीएसएच करा असं बिलाच्या मागे लिहून दिलं. या औषधाचा अंमल रक्तात सावकाश चढतो आणि सावकाश उतरतो, त्यामुळे सहा-आठ आठवड्यांच्या आत केलेल्या तपासणीवरून फार काही ठरवता येत नाही.

गोळी चांगली असूनही अंगी न लागण्याची कारणं आपल्याकडे घरोघरी सापडतात. ती रिकाम्या पोटी, साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि चहा त्यानंतर अर्ध्या-एक तासाने. हे सांगितलं म्हणून आम्ही उद्धट, असंही तुम्ही लिहिलं आहे. पण निंदायला-वेचायला जाणाऱ्या बाया काउंटरवर सरळ सांगतात, "बाप्पा, चहा घेतल्याबिगर मायावाले डोये उघडत नाही." मग गोळी चहासोबतच जाते. आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी, कॅल्शियम, ॲसिडिटीची गोळी, हे सगळं एकाच मुठीत घेणारेही आहेत. लोह आणि कॅल्शियममध्ये चार तासांचं अंतर लागतं, नाहीतर औषध पोटातच अडकतं. आपल्या भागात घरचं सोयाबीन असतं, गव्हात दळून आणतात. खाऊ नका असं नाही, पण गोळी घेतल्या घेतल्या त्याची पोळी नको. आणि सोमवार, चतुर्थी, एकादशीला उपास मोडतो म्हणून गोळीच न घेणाऱ्या तर विचारूच नका! पाण्यासोबतच्या गोळीने कसला उपास मोडतो?

ठेवण्याचंही तसंच. मागच्या उन्हाळ्यात एक जण बाटली परत घेऊन आला. ती टिनाच्या घरात, चुलीजवळच्या फळीवर ठेवलेली. उघडली तर गोळ्या एकमेकींना चिकटलेल्या, बोटाने दाबली की भुगा. मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच पारा ४५ वर जातो, टिनाखाली काय होत असेल! ऊन, उजेड आणि ओल तिन्ही या औषधाला बाधतात. घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, माठाच्या ओलीपासून दूर ठेवा.

हे सगळं नीट सांभाळलं तरी वजनाबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो, पटो न पटो. थायरॉईड मंदावल्याने वाढणारं वजन साधारण दोन ते पाच किलो असतं, आणि त्यातलं बरंच अंगात साठलेलं पाणी आणि मीठ असतं. टीएसएच ताळ्यावर आलं की ते उतरतं. त्यावरच्या दहा-बारा किलोंचं खापर गोळीवर फोडून उपयोग नाही. गुडघे धरले म्हणून वावरात जाणं सुटतं, जेवण मात्र वावरात जातानाचंच राहतं. चार वेळचा गोड चहा, उपासाला तेलात परतलेली साबुदाण्याची उसळ, जेवणात तोंडी लावायला पापड. हे काकूंचंच आहे असं म्हणत नाही, दुकानात रोज ऐकतो ते सांगतो. ताटात वरण, मूग, हरभऱ्याची उसळ, चालत असेल तर अंडं वाढवा. भात आणि तेल हळूहळू आवरा, ऊन चढायच्या आत चालणं होऊ द्या. कोबी-फ्लॉवर कायमचे बंद करा असे मेसेज फिरतात, ते मनावर घेऊ नका. शिजवलेली भाजी रोजच्या प्रमाणात खायला हरकत नाही.

पावडर मी ठेवतच नाही. मार्जिन तिच्यावर गोळीपेक्षा कितीतरी जास्त मिळतं, हेही सांगून टाकतो. सिब्युट्रामिन नावाचं भूक मारणारं औषध आपल्या देशात २०११ साली बंद झालं. वजन उतरवायच्या 'नैसर्गिक' म्हणवणाऱ्या मालात ते चोरून घातलेलं अजूनही सापडतं. काहींत तर थायरॉईडचं हार्मोनच मिसळलेलं निघालं आहे. काकू आधीच गोळीवर आहेत. त्यावर डब्यातून आणखी किती जाईल याचा हिशेब कोण ठेवणार?

बाजाराचा दिवस सोडून कधीही दुपारी काकूंना घेऊन या, तेव्हा गर्दी नसते. बाटली, शेवटचा रिपोर्ट आणि घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. केस गळतात म्हणून बायोटिनची गोळी चालू असेल तर तीही आणा. तिच्यामुळे काही लॅबमध्ये टीएसएचचा आकडा खोटाच कमी येतो, म्हणून पुढच्या तपासणीआधी ती दोन दिवस बंद ठेवायची का, हे डॉक्टरांना विचारून घेऊ.