विचारूच नका, हा उपाय नाही

इंदूरच्या पटेल नगरमध्ये २०२३ च्या रामनवमीला मंदिरातल्या बावडीवरचं (जुन्या विहिरीवरचं) छत कोसळून ३६ जणांचा जीव गेला, तेव्हापासून इथल्या आमच्या मराठी ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: आघात सोसलेल्यांना संशोधकांनी प्रश्न विचारूच नयेत. खपली निघते, ती माणसं संमती देण्याच्या स्थितीत नसतात आणि फायदा फक्त पीएचडीवाल्याचा होतो. मजकुरामागची कळकळ मला कळते, पण मागणी चुकीची आहे.

आधी खपलीचं. बोलताना माणसं रडतात, हे खरंच. पण भाग घेणाऱ्यांनाच ‘हे सांगून कसं वाटलं?’ असं विचारणारे बरेच अभ्यास झालेत. २०१५ मध्ये ते एकत्र तपासले, तेव्हा दिसलं की त्रास होतो, पण टोकाचा नाही, आणि भाग घेतल्याचा पस्तावा सहसा होत नाही. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक आजार, असलेल्यांना त्रास जास्त होतो, म्हणून समुपदेशक आधीपासून हजर हवा. उलट न विचारल्यानेही नुकसान होतं. अपघातानंतर लगेच एकाच बैठकीत सगळं बोलायला लावलं की मन मोकळं होतं, अशी एके काळी तज्ज्ञांचीही खात्री होती. तपासल्यावर कळलं, त्याने पुढचा आजार टळत नाही. काहींचा तर वाढला. सोसलेल्यांनी सांगितलं नसतं तर आजही तेच चाललं असतं.

आता संमती. आघात झाला म्हणून माणसाची अक्कल जात नाही. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं अशांना जास्त संरक्षण द्या म्हणतात, सरसकट वगळा म्हणत नाहीत. संशोधनाचे प्रस्ताव तपासणाऱ्या एका नैतिकता समितीवर मी बिगरतज्ज्ञ सदस्य आहे. एकदा संमतिपत्रात तिसऱ्या पानावर ओळ होती, ‘आप सहभागिता से विमुख हो सकते हैं’. शेजारच्या काकूंना ती वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, “विमुख म्हणजे तोंड फिरवायचं का गं?” आम्ही ती पहिल्या पानावर आणून बदलून घेतली: ‘आप कभी भी उठकर जा सकती हैं, इलाज वैसे ही चलता रहेगा.’

पीएचडीवाल्याबद्दल मात्र मजकूर बराचसा बरोबर आहे. भोपाळ इथून दोनशे किलोमीटरही नाही. गॅसपीडितांनी १९८५ ते १९९४ अशी वर्षानुवर्षं उत्तरं दिली आणि त्या अभ्यासाचा अहवाल निघाला २००४ मध्ये. म्हणून प्रत्येक प्रस्तावाला मी विचारते, निष्कर्ष या माणसांच्या घरी कधी आणि कोणत्या भाषेत पोहोचवणार? त्या रकान्यात बहुतेक वेळा ‘लागू नाही’ असं लिहिलेलं असतं. तो प्रस्ताव मी परत पाठवायला लावते.