मागच्या गेटची चावी

सकाळी साडेसहाला सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो पडला. मागच्या भिंतीवर दोन पोरं बसलेली, पाय आपल्या बाजूला सोडलेले, हातात काहीतरी. खाली मजकूर : "हे कोण आहेत? सिक्युरिटी झोपलीय का?" नाश्त्यापर्यंत त्यावर लाल तोंडांच्या इमोजींची रांग लागली. कुणीतरी भिंत दोन फूट वाढवायची सूचना केली, कुणी काचा लावायची. एकांनी तर काटेरी तारेचा भावही टाकला.

पोरं कोण ते मला ठाऊक आहे. मागच्या वाडीतल्या शेळ्यावाल्या आजींची नातवं. ग्रुपवर लिहिलं नाही, कारण तिथं सकाळी सुरू झालेलं भांडण रात्रीच्या शुभ रात्रीपर्यंत पुरतं. म्हणून इथं लिहितोय. सोसायटीतले जे इथं आहेत त्यांनी जरूर वाचावं, राग आला तरी.

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. आमची सोसायटी संभाजीनगरात बीड बायपासच्या दक्षिणेला, सातारा डोंगराच्या पायथ्याशी. तीन इमारती, शहाण्णव फ्लॅट, पुढं मोठं गेट, मध्ये हिरवळ, आणि हिरवळीवर पाटी : हिरवळीवर चालू नये. २०१८ साली फ्लॅट बघायला आलो तेव्हा श्रावण होता. एजंटानं आधी फ्लॅट दाखवलाच नाही, थेट गच्चीवर नेलं. समोर डोंगर असा हिरवागार, की बायको म्हणाली, आता किंमत कमी करायला सांगू नका, आपलं तोंड बघूनच तो ओळखेल. ओळखलंच त्यानं. डोंगराच्या बाजूच्या फ्लॅटला दीड लाख जास्त. "सर, पुढं सगळं फॉरेस्ट आहे, कुणी बिल्डिंग बांधून अडवणार नाही," म्हणाला. खरं होतं त्याचं. कुणी बाहेरच्यानं नाही अडवलं.

माहितीपत्रकात एक वाक्य ठळक छापलेलं होतं, की सोसायटीतून थेट डोंगरावर पायवाट. तीही खोटी नव्हती. मागच्या भिंतीत एक छोटं लोखंडी गेट होतं, एका माणसाला जाता येईल एवढं. त्यातून बाहेर पडलं की शंभर पावलांवर चढ सुरू. आधी वनखात्यानं लावलेली गिरिपुष्पाची रांग, मग हिवर, बाभळी, घाणेरीची जाळी, वर वर सीताफळं. फेब्रुवारी संपता संपता पळस पेटतो. मे महिन्यात मात्र सगळं तपकिरी. कुणी विडी टाकली की वणवा, मग आठवडाभर काळी राख आणि त्यातून पळत सुटलेले तित्तर. पहिल्या टप्प्यावर एक सपाट खडक आहे. तिथून सगळं शहर दिसतं, चिकलठाण्याच्या शेडपासून पलीकडे विद्यापीठामागच्या डोंगररांगेपर्यंत. सकाळी मोर ओरडतो तो खडकाच्या खालच्या अंगाला. दिसत कधी नाही.

शहराच्या उत्तरेला राहणाऱ्यांना फिरायला हिमायतबाग आहे, विद्यापीठाचा परिसर आहे, गोगाबाबाची टेकडी आहे. सकाळी तिकडं जत्रा असते. दक्षिणेला आमचा हा डोंगर. आणि आमचं ते गेट.

आता ही पायवाट बिल्डरनं केलेली नाही, हे मला राहायला आल्यावर कळलं. डोंगराआडच्या वाडीतून सातारा गावात यायची ती जुनी वाट. दूध, शाळा, बाजार, आणि मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाच्या दर्शनाला यायचं ते याच वाटेनं. प्लॉट एनए म्हणजे बिगरशेती झाला, भिंत आली, आणि वाट आमच्या पार्किंगखाली गेली. ते छोटं गेट म्हणजे त्या वाटेचा उरलेला तुकडा. वाडीतल्या बाया त्यातून आत येत, आमच्यातल्याच दहा-अकरा घरांत धुणीभांडी करत, दुपारी तिथूनच परत जात. आजी शेळ्या घेऊन भिंतीच्या कडेनं जात. आमची लेकरं शेळीची पिल्लं बघायला त्या गेटला लोंबकळायची. कुणाला काही वाटत नव्हतं.

मग बिबट्या आला. म्हणजे आमच्याकडे नाही. २०२४ च्या जुलैत तो शहरातल्या उल्कानगरीत सीसीटीव्हीत दिसला. वनखात्यानं पिंजरे लावले, शाळांना धडकी भरली, आणि ग्रुपवर दिवसाला चाळीस व्हिडिओ, त्यातले निम्मे गुजरातचे. त्याच महिन्यात आमच्या दोन सायकली गेल्या. तातडीची सभा झाली. मागचं गेट कायमचं बंद करायचा ठराव आला. मीही हात वर केला. हे आधीच सांगून टाकतो, कारण शेजारचे देशमुख साहेब खाली कमेंटमध्ये ते लिहिणारच आहेत.

सायकली पंधरा दिवसांनी बी विंगच्या तळघरात, जुन्या गाद्यांच्या मागं सापडल्या. कुणी ठेवल्या ते त्या घरच्यांनाही कळलं आणि आम्हालाही. विषय मिटला. कुलूप राहिलं.

बिबट्याचं मात्र थोडं डोकं लावून बघू. सहा फुटाची भिंत त्याला भिंत वाटत नाही. उल्कानगरी काही डोंगरात नाही, भर वस्ती आहे, आणि त्याआधी २०१९ च्या डिसेंबरात तो सिडकोत एन-१ ला निघाला होता. तिथं काय गेटं कमी आहेत? बिबट्या येतो कुत्र्यामागं. कुत्री येतात उकिरड्यामागं. आणि आमचा उकिरडा कुठं आहे? मागच्या गेटला लागून. घंटागाडी चुकली की ओल्या कचऱ्याच्या पिशव्या तिथंच टाकतात, लग्न-बारशाचं उरलेलं मटणही. रात्री बाल्कनीतून मोजली, नऊ कुत्री होती. बिबट्याला आमंत्रण आपण रोज संध्याकाळी ताटात वाढून ठेवतो आणि कुलूप लावतो मोलकरणीला.

तिचं काय झालं ते सांगतो. वाडीतल्या बायांना आता खाली बायपासपर्यंत वळसा घालून पुढच्या गेटनं यावं लागतं. तीन किलोमीटर जास्त. बायपासवर ट्रक, डंपर, धूळ. मग गेटवर ॲप, फोटो, ओटीपी. आमच्याकडच्या मावशींच्या फोनला रेंज नसली की त्या बाहेर उभ्या आणि बायको कुकर लावून गॅलरीत उभी. गेल्या महिन्यात ग्रुपवर मोठी चर्चा झाली की "हल्ली सगळ्या मावशी अर्धा तास लेट येतात, ॲटिट्यूड वाढलाय." वाचून मला हसावं का काय कळेना. अर्धा तास त्या आपल्याच भिंतीभोवती चालत असतात.

आता नानांबद्दल. माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर, पैठण तालुक्यातले. आमचं मूळ गाव आता नाही. नाथसागरात गेलं. जायकवाडी धरण १९७६ ला पुरं झालं आणि गोदाकाठची शंभरावर गावं उठली, त्यातलं एक आमचं. नाना तेव्हा तिशीच्या आत होते. गावाबद्दल ते फार बोलत नाहीत. घर, वावर, देऊळ यांचं नावही काढत नाहीत. पण वाटेचं मात्र काढतात. घरापासून नदीपर्यंतची वाट, तिच्यावर कुठं आंबा होता, कुठं पाय घसरायचा, कुणाच्या बांधावरून जायचं. उन्हाळ्यात धरण आटलं की ती वाट उघडी पडते म्हणून एकदा २०१६ च्या दुष्काळात मला घेऊन गेले होते. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेच ते वर्ष. भेगाळलेल्या गाळातून नाना असे चालत गेले, की जणू कालच तिथून आलेत. मला तर नुसता चिखल दिसत होता.

इथं राहायला आल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते नळाला पाणी कधी येतं. शहरात नाथसागराचंच पाणी येतं, काही दिवसांआड. आमच्या सोसायटीत नळच नाही. बोअर चारशे फुटांवर, खाली काळा पाषाण. एखाद्या भेगेत साठलं असेल तेवढंच पाणी, मार्चनंतर नुसती हवा. मग टँकर. नाना म्हणाले, "आमचं गाव बुडवून पाणी आणलं, आन् ते बी टँकरनं पेता व्हय?" त्याच टँकरच्या पाण्यानं ती हिरवळ जगते, जिच्यावर चालायचं नाही. यावर वेगळी पोस्ट लिहीन, नाहीतर इथंच रात्र होईल.

तर नानांची सहा वर्षं त्या मागच्या गेटनं गेली. पहाटे साडेपाचला काठी, पांढरी टोपी, खिशात चार शेंगदाणे. खडकापर्यंत जायचं, आजीशी पाऊसपाण्याचं बोलायचं, तिच्या शेळ्यांची नावं विचारायची, परत. डॉक्टर म्हणायचे, यांची शुगर माझ्यापेक्षा चांगली आहे. कुलूप लागल्यावर ते दोन दिवस पुढच्या गेटनं वळसा घालून गेले. तिसऱ्या दिवशी बायपास ओलांडताना डंपर अंगाला घासून गेला, तेव्हापासून मीच जाऊ देत नाही. आता ते पार्किंगमध्ये फेऱ्या मारतात. अकरा फेऱ्या. एक फेरी झाली की एक खडा या खिशातून त्या खिशात. वारकऱ्याला कुणी मॉलमध्ये प्रदक्षिणा घालायला लावाव्यात तसं दिसतं ते.

त्यांनी मला एकदाच विचारलं. "ह्या वाटंला काटा कुनी लावला?" मी म्हणालो, सोसायटीनं. "सोसायटी म्हंजी कोन?" मी गप्प. खेड्यात वहिवाटीची वाट अडवली तर माणूस तहसीलदाराकडं अर्ज करतो, १९०६ चा मामलेदार न्यायालयाचा कायदाच आहे त्यासाठी. तो न शिकलेल्या शेतकऱ्यालाही कलमासकट पाठ असतो. नानांनाही होता. इमारतीच्या आवारात तो लावायला मी जाणार नाही, काळजी नसावी. पण आपण काय केलंय, त्याला गावाकडं काय म्हणतात, तेवढं तरी माहीत असू द्या.

भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. मलाही दोन मुली आहेत. अंधार पडल्यावर ते गेट उघडं असावं असं मलाही वाटत नाही. पण आपण भीतीचा पत्ता चुकीचा लिहिलाय. सायकली आतल्या माणसानं नेल्या, कुत्री आपल्या कचऱ्यानं आली, आणि शिक्षा झाली ती बाहेरच्या बायांना अन् आतल्या म्हाताऱ्यांना. वर बावन्न दरवाजांचं शहर म्हणून पाहुण्यांना भडकल गेट दाखवायला आपणच पुढं.

रविवारी अकराला क्लबहाउसमध्ये सभा आहे. मी मांडणार आहे ते एवढंच : मागचं गेट पहाटे साडेपाच ते साडेआठ आणि दुपारी एक ते दोन उघडं. रात्रपाळीचे मामा तसेही आठपर्यंत असतातच, त्यांनी शेवटचे तास तिथं बसावं. मी विचारलं त्यांना. म्हणाले, "मला काय सर, तिकडं लिंबाची सावली तरी हाय." शेवटचा अर्धा तास आणि दुपारचा एक तास आम्ही डोंगराच्या बाजूचे आळीपाळीनं बसू. कचऱ्याचे डबे तिथून उचलून पुढच्या गेटजवळ आणा, म्हणजे घंटागाडी चुकणार नाही आणि वास आला तर सगळ्यांना सारखा येईल. (याला खरा विरोध होणार आहे, बघा तुम्ही.) कामाला येणाऱ्या बायांचे पास मागच्या गेटला चालावेत. खर्च एका दिव्याचा. तो मी देतो. दीड लाख दिलेत, त्यात अजून हजार.

सेक्रेटरी म्हणतात चावी हरवलीय. नवीन कुलपाचे अडीचशे रुपयेही माझ्याकडून घ्या.

आणि तो सकाळचा फोटो. दुपारी जेवताना मी तो बोटांनी मोठा करून पाहिला. पोरांच्या हातात सीताफळं आहेत. डावीकडचा पोरगा वाकून एक खाली देतोय. फोटो काढणाऱ्यानं खालची बाजू कापलीय, पण अगदी कडेला, भिंतीच्या आपल्या अंगाला, सिमेंटच्या बाकावर एका पांढऱ्या टोपीचं टोक आलंय.

नानांना विचारलं, आज किती फेऱ्या झाल्या? "अकरा," म्हणाले. सदऱ्यावर सीताफळाची बी चिकटलेली होती.

ग्रुपवर अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.